बोटीच्या काठात रॉड होल्डर: निवडण्यापासून बसवण्यापर्यंतच्या नोंदी

४ ऑक्टोबर

बोट फायबरची, १९ फुटी, उघडी, मधे कन्सोल (स्टीअरिंगचा उभा कट्टा) आणि मागे आउटबोर्ड (बाहेर टांगलेलं इंजिन). आत्ता तिच्यावर कन्सोलच्या बाजूला स्क्रूने लावलेले दोन प्लॅस्टिकचे होल्डर आहेत, बस. जाता-येता मासेमारीचे रॉड उभे ठेवायला ते ठीक आहेत, पण ट्रोलिंगला (चालत्या बोटीमागे आमिष ओढायला) तिथं रॉड ठेवून फायदा नाही. दोन्ही तंगूस जवळजवळ राहतात, बोट वळली की गुंता ठरलेला, आणि मासा लागल्यावर रॉड काढायला कन्सोलशेजारच्या चिंचोळ्या जागेत शिरावं लागतं, ते पण बोट हलत असताना.

आमचं मासे पकडणं दोन तऱ्हेचं. एक म्हणजे हळू चालत्या बोटीमागे ल्युर (नकली आमिष) ओढायचे, दुसरं म्हणजे नांगर टाकून तळाला गरवायचं. दोन्हीला होल्डर वेगळा लागतो हे आधी डोक्यात पक्कं केलं. ट्रोलिंगला जोर मोठा, झटका अचानक, म्हणून काठात आत उतरणारी नळी हवी. गरवताना जोर कमी, पण रॉडचं टोक डोळ्यासमोर आणि आडवं हवं म्हणजे मासा टोचतोय ते दिसतं, आणि कोन बदलता आला पाहिजे. म्हणून ठरवलं की मागच्या दोन कोपऱ्यांत एकेक, मधे दोन्ही काठांवर एकेक असे चार आत बसणारे, आणि पुढच्या रेलिंगवर क्लॅम्पचे दोन.

रुळावर सरकणारे होल्डर पण बघितले. मस्त प्रकार आहे, हवं तिथं सरकवा, नको तेव्हा काढून ठेवा, भोकं लहान. पण आमच्या काठाची वरची पट्टी थोडी गोल आहे, त्यावर सरळ रूळ सपाट बसणार नाही आणि खाली पाचरी घालत बसायचं तर मग सोय कुठली राहिली.

६ ऑक्टोबर

आज फक्त मटेरियल. प्लॅस्टिकचे, म्हणजे काचतंतू घातलेल्या नायलॉनचे होल्डर वाईट नसतात, गंजत नाहीत, रॉडला ओरखडे पाडत नाहीत, हलक्या कामाला वर्षानुवर्षं चालतात. ऊन मात्र त्यांना खातं, आधी रंग पांढुरका पडतो मग कडा ठिसूळ होतात. काठातल्या चारांसाठी स्टेनलेसच घेणार.

स्टेनलेसमधे ३०४ आणि ३१६ हा फरक खाऱ्या पाण्यात खरंच महत्त्वाचा आहे. ३१६ मधे २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि त्यामुळेच मिठाच्या क्लोराइडने पडणारे बारीक खड्डे तो जास्त झेलतो. ३०४ वर काही महिन्यांत चहाच्या रंगाचे डाग दिसायला लागतात. लोहचुंबक लावून बघा, चिकटला नाही तर ३१६, असं बरेच जण सांगतात, ते काही खरं नाही. दोन्ही जवळपास बिनचुंबकीयच असतात, आणि जिथं वाकवलंय किंवा वेल्ड केलंय तिथं दोन्ही थोडे खेचतात. त्यामुळे ग्रेड छापलेला असेल, देणारा लिहून देत असेल तरच विश्वास.

वेल्ड नीट बघायचं. कॉलर (काठावर टेकणारी नळीच्या तोंडाची पट्टी) आणि नळी जिथं जुळतात तिथं वेल्ड पूर्ण गोल आहे का, आतून पॉलिश आहे का. तिथं खडबडीत राहिलं की मीठ साचतं आणि गंज तिथूनच सुरू होतो.

दुसरी गोष्ट, नळीच्या तळाची आडवी पिन. ट्रोलिंगच्या रॉडच्या बुडाला फुलीसारखी खाच असते, ती या पिनवर बसते आणि रॉड होल्डरमधे फिरत नाही. साध्या रॉडला खाच नसते, मग बुडाचं रबर किंवा फोम त्या पिनेवर चेचत राहतं. आमच्याकडे दोन्ही जातीचे रॉड आहेत, म्हणून पिनवाले होल्डर घ्यायचे आणि साध्या रॉडच्या बुडाला जाड रबरी टोपी. नळीच्या आत रबरी अस्तर असलेलंच घेणार, उघड्या धातूवर रॉड दिवसभर थरथरत राहिला की दांड्याचं नुकसान होतं.

७ ऑक्टोबर

रॉडची बुडं मोजली, बुडापासून रील बसते तिथपर्यंत. नळी आत २३ सेंटिमीटर खोल, म्हणजे बूड त्यापेक्षा लांब हवं, नाहीतर रीलचा पाय कॉलरवर टेकतो आणि सगळा भार रीलवर येतो. स्पिनिंग रील खाली लटकते तिला तर आणखी जागा हवी. एक छोटा स्पिनिंग रॉड बसत नाही, तो रेलिंगच्या क्लॅम्पवर जाईल, तिथली नळी पुढून कापलेली असते.

११ ऑक्टोबर

आजचा पूर्ण दिवस जागा ठरवण्यात गेला आणि माझ्या मते या कामातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस हाच. भोक एकदा पडलं की पडलं.

पीव्हीसी पाइपचे तुकडे कापले, एक टोक ३० अंशात, आणि सी-क्लॅम्पने काठावर बाहेरून आवळले, खाली कापड. मग खरे रॉड, खऱ्या रीलसकट त्यात ठेवले. कागदावर कितीही आखा, रॉड उभा केल्याशिवाय कळत नाही. धाकटा भाऊ सोबत होता, त्याला म्हटलं तू मासा लागल्यासारखा रॉड उपस. त्याने डावा मागचा रॉड उचलला आणि लगेच म्हणाला, "दादा, कोपर आउटबोर्डला लागतंय." मग तो पाइप पुढे घेतला. इंजिन पूर्ण वर उचलून पण बघितलं, कारण उचललेल्या इंजिनचं डोकं आत येतं आणि रॉडला भिडू शकतं.

ठरलेलं असं आहे. मागच्या दोघांची दिशा जवळजवळ सरळ मागे, जराशी बाहेर. मधल्या दोघांची दिशा बऱ्यापैकी बाहेर, काठाशी साधारण ४५ अंश. त्यामुळे मधल्या रॉडची टोकं पाण्यावर लांब बाहेर जातात आणि तंगूस चार वेगवेगळ्या वाटांनी मागे जाते. मधल्यांचे ल्युर लांब सोडायचे, मागच्यांचे जवळ, म्हणजे वळताना लांबची तंगूस जवळच्यावरून जाते, तिच्यात अडकत नाही. मधले पूर्ण काटकोनात बाहेर काढले तर पसारा आणखी रुंद होतो खरा, पण मासा लागल्यावर रॉड नळीच्या कडेशी आवळला जातो आणि उपसायला कठीण पडतो. भावाने दोन्ही करून बघितलं, ४५ ला रॉड एका झटक्यात बाहेर येतो.

कोन म्हणजे नळी उभ्यापासून किती कललेली ते. बाजारात सरळ, १५ आणि ३० अंश मिळतात. चारही ३० चे घेतोय. १५ चे कोपऱ्यात लावणारे लोक आहेत, मोठी बोट असेल तर त्यात अर्थ आहे, आमचा काठ पाण्यापासून फार उंच नाही पण रॉडचं टोक खाली राहिलेलं मला आवडतं, वाऱ्यात तंगूस कमी फुगते.

आणखी बघितलेलं: रीलचा हँडल फिरताना क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) लागत नाही ना, धक्क्याला लागताना दोर क्लीटवरून कुठून जाणार, इंधन भरायच्या झाकणावर रॉड आडवा येत नाही ना, बसणाऱ्याच्या पाठीत कॉलर रुतत नाही ना. दोन होल्डरमधे किमान एवढं अंतर की शेजारचा रॉड न हलवता एक काढता येईल. सगळं जमल्यावर मास्किंग टेपवर मध्यबिंदू आणि दिशेची रेघ मारून पाइप काढले.

१२ ऑक्टोबर

जोर किती येतो ते कागदावर काढलं, कारण त्यावरच खाली काय लावायचं ते ठरतं. ट्रोलिंगला ड्रॅग (रीलचा ब्रेक, ठरलेल्या ओढीला तंगूस सुटू देणारा) साधारण तंगूस तुटण्याच्या ताकदीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्शावर लावतात. १५ किलोची तंगूस धरली तर ड्रॅग ५ किलोच्या आतबाहेर. होल्डरच्या वर रॉड १.८ मीटर. रॉड वाकतो म्हणून प्रत्यक्षात तरफ लहान होते, पण वाईटात वाईट धरू, ५ गुणिले १.८ म्हणजे ९ किलोग्रॅम-मीटरचा पीळ.

हा पीळ २३ सेंटिमीटरच्या नळीत तोंडाशी एका बाजूला आणि तळाशी उलट बाजूला, साधारण ३९-३९ किलोचा दाब देतो. आणि नळीचं खालचं टोक कुठंच धरलेलं नसेल, सगळं कॉलरवरच असेल, तर ६ सेंटिमीटर अंतरावरच्या बोल्टवर तोच पीळ १५० किलोचा ओढा होतो. हे फक्त ५ किलोच्या ड्रॅगला. ल्युर दगडात अडकला, बोट चालू आहे आणि ड्रॅग घट्ट राहिला तर तंगूस तुटेपर्यंत म्हणजे तिप्पट. फायबरच्या पातळ थरात घुसवलेले स्क्रू हे एकदा-दोनदा सहन करतील, मग भोक मोठं होत जाईल, पाणी शिरेल आणि एक दिवस होल्डर रॉडसकट पाण्यात. म्हणून चारही आरपार बोल्ट, खाली बॅकिंग प्लेट (भार पसरवणारी आधाराची पाटी). कितीही भारी होल्डर घ्या, तो खालच्या प्लेटइतकाच मजबूत.

१५ ऑक्टोबर

काठाच्या खालची पाहणी. मोबाइलचा कॅमेरा आणि टॉर्च झाकणातून आत घालून व्हिडिओ काढला, हात जिथं जात नाही तिथं आरसा. उजव्या मधल्या खुणेच्या बरोबर खालून इंधन टाकीची हवा बाहेर सोडणारी नळी जातेय. ती खूण पुढे सरकवली आणि समोरची डावी पण तेवढीच, नाहीतर दोन्ही बाजू जुळणार नाहीत. डाव्या मागच्या खाली नेव्हिगेशन लाइटची वायर होती, ती मोकळी करून बाजूला बांधली. स्टीअरिंगची केबल लांब आहे, तिची चिंता नाही. नळी खाली किती जाणार ते मोजून पाइपचा तेवढाच तुकडा आतून धरून बघितला, तळाला बोटं घालायला जागा राहते.

मग काठ ठोकून बघितला, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने. टणक आवाज सगळीकडे. नळीचं भोक जिथं पडणारच आहे तिथं मधोमध ३ मिलिमीटरचं छोटं भोक घेतलं, भुसा कोरडा, फिकट, प्लायवूडचा. म्हणजे वर फायबर, मधे प्लाय, खाली फायबर. भुसा काळा किंवा ओला निघाला असता तर होल्डर राहिले बाजूला, आधी तो भाग उघडून दुरुस्त करावा लागला असता.

१६ ऑक्टोबर

पाऊस. बोट झाकलेली. लाकडाची ३० अंशाची पाचर कापून ठेवली, मधे ड्रिलला वाट दाखवायला भोक.

१८ ऑक्टोबर

भोकं पाडली. चष्मा, मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. फायबरची धूळ कातडीत आणि छातीत नको, भाऊ व्हॅक्यूमचं तोंड भोकाशी धरून होता.

तिरक्या नळीचं भोक गोल नसतं. बाहेरून ४८ मिलिमीटरची नळी ३० अंशात गेली की काठावर ती लंबगोल होते, रुंदी ४८ पण लांबी ५५. सरळ गोल भोक पाडून नळी जात नाही, आणि मोठं गोल पाडलं तर कॉलरखाली बाजूला पोकळी राहते. म्हणून पाचर काठावर दुहेरी टेपने चिकटवली, तिच्या भोकातून लांब पायलट (वाट करणारं बारीक ड्रिल), मग त्याच कोनात होल सॉ (गोल भोक कापणारी करवत). सुरुवातीला होल सॉ उलटा फिरवायचा म्हणजे दात जेलकोटमधे (फायबरवरच्या गुळगुळीत वरच्या थरात) अडकून कपचे उडवत नाहीत, जेलकोट कापला गेला की मग सुलटा, कमी वेगाने, दाबायचं नाही. तिरकं असल्यामुळे दात आधी एकाच बाजूला लागतात आणि ड्रिल हिसका देतं, दोन्ही हातांनी धरावंच लागतं, मनगट वाचवायचं तर बाजूचा दांडा लावूनच.

चारही भोकं पडल्यावर अर्धगोल कानशीने कडा हळूहळू घासल्या, नळी हाताने दाबून खाली जाईल इतपत. ढिली नको. भोकाच्या कडेचा आधार नळीला मिळाला पाहिजे, तेवढाच बोल्टवरचा भार कमी.

कॉलर दिशेच्या रेघेवर बसवली, बोल्टच्या जागा टोच्याने खुणावल्या. पण ती भोकं लगेच शेवटच्या मापाची नाही पाडली.

१९ ऑक्टोबर

प्लायची उघडी कड बंद करणं. हे बरेच जण सोडून देतात आणि सीलंटवर (फट बंद करणाऱ्या लेपावर) भरोसा ठेवतात. सीलंट कधीतरी सुटणार, त्या दिवशी पाणी प्लायला पोचलं नाही पाहिजे.

मोठ्या भोकांच्या कडेला प्लाय थोडा आत खरवडला. बोल्टची भोकं लागतात त्यापेक्षा मोठी पाडली, फक्त वरचा थर आणि प्लाय, खालचा थर तसाच ठेवला म्हणजे तळ आपोआप मिळतो. वाकवलेला खिळा ड्रिलला लावून आतला प्लाय सगळीकडून ६-७ मिलिमीटर पोखरला. आधी पातळ इपॉक्सी ब्रशने पाजलं, प्लाय पिईल तेवढं. ते चिकट असतानाच सिलिका पावडर घालून लोण्याइतकं घट्ट केलेलं इपॉक्सी भरलं, सुरीने सपाट. मोठ्या भोकांच्या कडांना पण तेच लिंपलं.

आता हे पूर्ण सुकल्यावर त्या भरावातूनच बोल्टचं भोक. लाकूड बोल्टला कुठंच लागत नाही, आणि बोल्ट कितीही आवळला तरी मधला प्लाय चेपत नाही, कारण दोन थरांमधे आता इपॉक्सीचा खांब आहे.

२१ ऑक्टोबर

बॅकिंग प्लेट. ॲल्युमिनियम सोपं पण स्टेनलेसचा बोल्ट, खारं पाणी आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, मधे नायलॉनचे वॉशर आणि संरक्षक पेस्ट घालत बसावं लागतं. एचडीपीई प्लॅस्टिकचे पांढरे बोर्ड कुजत नाहीत, पण त्याला कुठलंच सीलंट किंवा गोंद धड चिकटत नाही आणि सततच्या दाबाने ते हळूहळू बसतं, बोल्ट ढिले होतात. मरीन प्लाय इपॉक्सीत बुडवून चालतो. मी ६ मिलिमीटरचा जी-१० घेतला, म्हणजे दाबून बनवलेला काच आणि इपॉक्सीचा तक्ता. कुजत नाही, चेपत नाही, इपॉक्सी घट्ट धरतो. कापताना करवतीचं पातं मात्र लवकर बोथट करतो आणि धूळ तीच काचेची.

प्लेटी कॉलरपेक्षा सगळीकडून चार-पाच सेंटिमीटर मोठ्या, कोपरे गोल केलेले, नळी जायला मधे भोक. काठाची खालची बाजू खडबडीत होती, ती घासून घट्ट इपॉक्सीच्या थरात प्लेट दाबली, म्हणजे मधे पोकळी राहिली नाही. सुकेपर्यंत क्लॅम्प.

२५ ऑक्टोबर

बसवले! बोल्टची भोकं शेवटच्या मापाची केली, वरच्या तोंडाला काउंटरसिंकने (भोकाची कड तिरकी करणाऱ्या ड्रिलने) हलकी उतरती कड दिली. ती नसली की बोल्ट आवळताना जेलकोटला चांदणीसारखे तडे जातात. उतरत्या कडेत सीलंटची कडी पण तयार होते, त्याचा पाणी अडवायला फायदा.

सीलंट कोणतं यावर खूप विचार केला. सिलिकॉन नको, धरही कमी आणि पुढे काढल्यावर त्याचा तेलकट थर राहतो त्यावर दुसरं काही चिकटत नाही. पॉलिसल्फाइड चांगलं टिकतं पण काही प्लॅस्टिकला खातं, आमचे धातूचे आहेत तरी रबरी अस्तराजवळ नको वाटलं. थ्रीएम कंपनीचं ५२०० हे सीलंट कायमच्या जोडणीसाठी आहे, ते लावलं तर पुढे कधी होल्डर काढताना जेलकोट सोबत निघेल. होल्डर ही बदलायची वस्तू आहे, म्हणून मध्यम ताकदीचं पॉलियुरेथेन, काढता येईल असं.

जागा ॲसिटोनने पुसली, कॉलरभोवती टेप, कॉलरखाली पूर्ण गोल आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्याखाली सीलंट. बोल्टचं डोकं वर मी घट्ट धरलं, खालून भाऊ पान्याने फक्त नट फिरवत होता. बोल्ट फिरला की दांड्याभोवतीचं सील तुटतं. एम-६ चे ३१६ बोल्ट, मोठे वॉशर, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी, म्हणून ढिले होत नाहीत). स्टेनलेसवर स्टेनलेस वेगाने फिरवलं की आटे एकमेकांत घट्ट बसतात, ना पुढे ना मागे, कापूनच काढावं लागतं, म्हणून आट्यांना अँटी-सीझ पेस्ट आणि हाताने सावकाश. सीलंट सगळीकडून सारखं बाहेर आलं की थांबलो. पूर्ण पिळून काढलं तर आत काही उरत नाही.

नळ्यांच्या तळाला पाणी जायचं तोंड आहे. उघडं ठेवलं तर पावसाचं आणि धुण्याचं सगळं पाणी बोटीच्या पोटात. चारही तोंडांना नळी लावून उतारावर नेऊन डेकच्या पाणी जाण्याच्या वाटेत सोडली, दोन्ही टोकांना क्लिप.

२६ ऑक्टोबर

रेलिंगचे क्लॅम्प. रेलिंगचा पाइप कॅलिपरने मोजला, २५ मिलिमीटर. अंदाजाने घ्यायचं नाही, २२ आणि ३२ चे पाइप पण सर्रास असतात आणि डोळ्याला फरक कळत नाही. क्लॅम्पच्या जबड्यात रबर पट्टी, रेलिंगच्या उभ्या खांबाला चिकटून लावले, दोन खांबांच्या मधे लावलं असतं तर पाइप लवतो आणि क्लॅम्प फिरतो. यांच्यावर ट्रोलिंग करायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

१ नोव्हेंबर

सीलंट पक्कं झालं, टेपच्या कडा स्वच्छ. ओढून बघितलं, बोट ट्रेलरवरच. रॉड होल्डरमधे, तंगूस लटकत्या वजनकाट्याला, ड्रॅग ५ किलोला सुटेल असा लावला आणि भाऊ मागे चालत गेला. मी कॉलरवर बोट ठेवून होतो. काठ लवत नाही, कॉलर हलत नाही. मग ड्रॅग घट्ट करून ८ किलोपर्यंत, चारही ठिकाणी, मागे आणि बाजूला. जेलकोटवर मार्करची शाई चोळून पुसली, तडा असता तर शाई त्यात राहिली असती. काही नाही. नंतर प्रत्येक नळीत पाणी ओतलं, खाली प्लेटीभोवती टिश्यू पेपर दाबून धरला, कोरडा. पाणी वाटेने बाहेर.

८ नोव्हेंबर

पाण्यात नेली. चार तंगूस मागे, दोन्ही बाजूंना वळून बघितलं, गुंता नाही. मधल्या उजव्यावर मासा लागला, रॉड चांगला वाकला, भावाने एका हाताने उपसला. होल्डरमधे रॉड असताना ड्रॅग ठरलेल्या आकड्याला आणि रीलचा आवाज करणारा क्लिक चालू, हा नियम केलाय. प्रत्येक रॉडला दोरी, तिचा हूक काठाखालच्या बोल्ट केलेल्या कडीत. होल्डर कितीही पक्का असला तरी रॉड वरून उडून जाऊ शकतो.

परत आल्यावर नळ्यांतून गोडं पाणी सोडलं. बोल्ट महिनाभराने एकदा खालून तपासायचे, नट फिरवून नाही, हात लावून. राहिलेलं काम एवढंच: डाव्या मधल्याची पाण्याची नळी एका जागी थोडी लवते आणि तिथं पाणी थांबतं, तिला अजून एक क्लिप लावायची आहे, आणि कन्सोलवरचे जुने दोन होल्डर काढून त्यांची स्क्रूची भोकं इपॉक्सीने बुजवायची आहेत.